पुढच्या खोलीतला गाण्याचा क्लास मोडू नये म्हणून

मी, सगुणाबाई गोरक्ष लोंढे, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण दुसरी पास, धंदा पूर्वी विड्या वळणे व आता गाणे शिकणे, राहणार सिन्नर, जिल्हा नाशिक, हे माझ्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. साखर थोडी वाढलीय, पण तिचा डोक्याशी संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले. कुणी मला दम दिलेला नाही. मुलगा ललित महिनाभर रुसून बसलाय, पण रुसणं म्हणजे दम नव्हे, हे मी वकील दीपकरावांना विचारून घेतलंय. ते म्हणत होते, "आजी, मी टाइप करून देतो, दोन पानांत बसेल." मी म्हटलं, राहू द्या, तुम्ही माझं बोलणं कापाल.

पहिलं, घर. हे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. मी चाळीस वर्षं विड्या वळल्या आणि आमच्या यजमानांनी स्वतः विटा वाहिल्या, तेव्हा ते उभं राहिलं. मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची ललितची. गुणी मुलगा आहे, माझी एक गोळी चुकू देत नाही.

दुसरं, पुढची खोली. रुसवा हिच्यावरूनच आहे. ललितला तिथे शटर लावून मोबाइलचं दुकान टाकायचंय. खोली रस्त्याला लागून आहे, त्याचंही चुकत नाही. पण तिथे नऊ वर्षं सलिमा मॅडम गाण्याचा क्लास घेतात, रोज पाच ते सात. दुसरीकडे जागा विचारली की लोक म्हणतात, पोरांचा आरडाओरडा नको. म्हणून मी असं ठरवते की, मॅडम शिकवतील तोवर खोली क्लासचीच राहील. त्या आपणहून थांबल्या की मग ललितने घ्यावी. मध्ये कुणी कुलूप घालू नये.

का, ते सांगते, नाहीतर ललितला वाटेल आईने परक्याच्या हातात खोली दिली.

आम्ही बाया सूप मांडीवर घेऊन विड्या वळायचो आणि गायचो. माहेरची गाणी, भावाची गाणी. मी गायला लागले की शेजारची डोळे पुसायची. मला वाटायचं, मला गाणं येतं. मग वयाच्या बासष्टाव्या वर्षी, नात वेदिकाला क्लासला घालायचं म्हणून मॅडमना खोली दिली, आणि दाराशी बसून मीही सूर लावू लागले. मॅडम म्हणाल्या, "आजी, सा धरून ठेवा." मी धरला आणि लगेच सोडला. दहादा तेच. मॅडम बघत राहिल्या आणि हसल्या. "आजी, तुमची बोटं बघा!" बघते तर काय, माझी बोटं आपली विडी वळतायत. विडी झाली की ओळ संपली, अशी गळ्याला सवयच लागलेली. त्या दिवशी मॅडमनी मला दोन्ही हात मांडीखाली दाबून बसवलं. सहा महिने मी हातांवर बसून गायले. पहिल्यांदा सूर लांब राहिला तेव्हा मला वाटलं, हे कुणी दुसरंच गातंय. माझी नणंद म्हणाली, "या वयात आता काय रेडिओवर जाणार का वयनी?" तिला माझी हिरवी पैठणी द्यावी. नेसून क्लासला येऊन बसावं, एवढीच अट.

वेदिकाचं उलटं. तीन परीक्षा पास, सूर सरळ, पण पाढे म्हटल्यासारखं. गेल्या वर्षी नाशिकच्या स्पर्धेत परीक्षक म्हणाले, बरोबर आहे पण पोचत नाही. पोरीने पेटी कापडात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. मॅडमनी चार वेळा समजावलं, ऐकेना. मी विचारलं, "तू गाणं म्हणतेस ते कुणाला गं?"

"कुणाला म्हणजे? समोर भिंत असते."

"मग भिंतच ऐकेल. आमच्यातली एकही बाई कुणालातरी म्हटल्याशिवाय गायची नाही."

दिवाळीत पोरीने आपणच पेटी खाली काढली आणि माझं माहेरचं गाणं धरलं. तोंड स्वयंपाकघरातल्या आईकडे. माझी सून तृप्ती वणीची, घरातली आजारपणं काढता काढता दोन वर्षं तिला माहेरी जाता आलं नव्हतं. सूर एक हलला नाही, मॅडमनी शिकवला तसाच्या तसा. तृप्ती तव्यावर भाकरी टाकून दारात येऊन उभी राहिली. भाकरी कोळसा झाली. ललितने ती कोळसा भाकरी मुकाट खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी बायकोला वणीच्या गाडीत बसवलं. ललित, तुला आठवत असेल. तुझ्या पोरीचा गळा त्या खोलीत झालाय, आणि म्हातारपणी तुझ्या आईचाही.

पेटी वेदिकाला. पोस्टातली शिल्लक पेटीच्या भात्याला आणि खोलीच्या रंगाला. विड्यांची कात्री तृप्तीला, धार अजून आहे. सलिमा मॅडमना मी काय देणार? त्यांनी मला जे दिलं ते परत करता येत नाही, म्हणून फक्त खोली.

शेवटचं. मी गेले की लोक मला पुढच्या खोलीत ठेवायला बघतील, रीतच आहे तशी. ठेवू नये. मागच्या खोलीत ठेवावं, आणि पाच वाजले असतील तर क्लास भरू द्यावा. काल हे ललितला वाचून दाखवलं. महिन्याने पहिल्यांदा बोलला.

"आई, म्हणजे तुला मागच्या दाराने न्यायचं?"

म्हटलं, "हो रे बाबा. पुढच्या दारात पोरांच्या चपला असतात."

तो हसला आणि म्हणाला, "लिही मग तसंच." म्हणून लिहिलं.

सही (अंगठा नाही): सगुणाबाई गोरक्ष लोंढे

साक्षीदार, ज्यांना यातलं काही मिळत नाही आणि ज्यांच्यासमोर मी सही केली:
१. रविराज भगत, शेजारी, पिठाची गिरणी
२. डॉ. स्नेहा आव्हाड, साखर बघणाऱ्या

ठिकाण: सिन्नर
दिनांक: १२ जानेवारी २०२५