डमी नाव

१२ जाने.
ओंकारचा (इथे नुसतं ओं. पुरे) फोन नाही. मेसेज वाचतो, उत्तर देत नाही. पुण्यात नोकरी लागली तेव्हा म्हणाला होता, "अशू, पावसाळा संपू दे, तुलाही तिकडे घेऊन जातो." पावसाळा कधीच संपला.
दुकानात मामा झेरॉक्सवर, मी कॉम्प्युटरवर. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून दोस्तोंवाला लावला. हे नाव ओं.नं ठेवलेलं. वेब डिझाइन शिकवणारा तो हिंदी माणूस दर व्हिडिओ "तो दोस्तों" म्हणून सुरू करतो. एक इअरफोन दोघांत वाटून शिकलो आम्ही. आज दोन्ही कान माझेच. सगळं नीट ऐकू येतं, तेच नको होतं.

१९ जाने.
बोलला शेवटी. "घरी चालणार नाही गं. तुला माहितेय ना."
माहितेय. मंडणगडात जन्मले मी, वाडीचं नाव सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. पण त्याला हे इतकी वर्षं माहीत नव्हतं? वेळणेश्वरला वाळूत बसून "लग्नानंतर आडनाव तुझंच ठेव" म्हणत होता, तेव्हा घर कुठे गेलं होतं याचं? मेला.
मोरीत नळ सोडून रडले. आई बाहेरून, "पाणी किती घालवतेस गो!"

२ फेब्रु.
कामात जीव रमवायचा, ठरलं.
फुकट शिकायच्या सगळ्या साइट एकाच फोल्डरात आहेत. कोड लिहिला की शेजारी लगेच पान दिसतं, ती मी शोधलेली. रंग जुळवून देणारी त्यानं. देवनागरी फॉन्टची मी. फुकट फोटोंची त्यानं. तिथे 'लग्न' शोधलं की सगळ्या पंजाबी नवऱ्या निघतात, आपल्याकडची नथ एकीच्याही नाकात नाही. हसून हसून पोट दुखलं होतं.
त्याच्या साइट वापरायच्या नाहीत म्हणून बसले. दुपारपर्यंत टिकलं. रंगांशिवाय काय डोंबल डिझाइन करणार?

१७ फेब्रु.
लिहू की नको.
ओं.ची आई दुकानात. "काय गो अश्विनी, मोबाइलवरची पत्रिका करतेस ना तू? आमच्या ओंकारचं ठरलं. सायली नाव. पोफळीच्या कॉलनीत वाढलेली. तो म्हणतो छापीलच करू. मी म्हटलं, गावातली पोर शिकलेय, त्याच्याबरोबरच शिकली, मग तीच करेल."
काकूंना आमचं काहीही माहीत नाही. मग आवाज खाली आणून, "तुमच्यात ते 'श्रीकृपेकरून' लिहीत नाहीत ना? जमेल ना तुला?"
"टाइपच करायचंय, काकू."
मामा मागून, "जमेल, जमेल! परवा या." तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

१८ फेब्रु.
नवीन पान करायचं बळ नाही. तयार साचा आहे. आमचाच.
दोस्तोंवाला सांगायचा, सराव खऱ्या कामावर करा. म्हणून आम्ही आमच्याच लग्नाची पत्रिका केली होती. वर गणपती की पिंपळपान, त्यांचं 'शुभविवाह' की आमचं 'मंगल परिणय', केवढे भांडलो! चित्रात आंब्याचा मोहोर ठरला, शब्द आमचा राहिला. तारखेच्या जागी रेघा. आणि नावं, ओंकार व अश्विनी. डमी मजकूर म्हणतात त्याला, खरा येईपर्यंत जागा अडवायला.
आज मोहोर काढून गणपती बसवला. शुभविवाह लिहिलं. माझं नाव पुसून सायली लिहिलं. पुतण्याचं "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" तेही घातलं. फोटोत सायली हसतेय. चांगली दिसते. वाईट असती तर बरं झालं असतं.

१९ फेब्रु.
काकूंना पत्रिका आवडली. "गुणाची गो पोर." डोक्यावरून हात फिरवला. रडू आवरलं मी. का आवरलं म्हणून आता चिडचिड.

२१ फेब्रु.
काय करून बसले!
काकूंनी लिंक गावच्या ग्रुपवर टाकली. लिंकखाली चौकट येते ना, तिच्यात ठळक अक्षरांत: 'ओंकार व अश्विनी, मंगल परिणय'. आत उघडलं की सायली. बाहेर मी.
पानाचं शीर्षक कोडात वर वेगळं लिहावं लागतं, पानावर ते दिसत नाही. हे ओं.ला मीच शिकवलेलं. आणि माझंच राहिलं.
मामा मोबाइल बघून, "ही कोण अश्विनी आणखी?" मग माझ्याकडे बघितलं, आणि चहा आणतो म्हणून निघून गेला. चहा आणलाच नाही.
ओं.चा फोन. हॅलोसुद्धा नाही. "मुद्दाम केलंस?"
"विसरले."
"काढ ते आधी."
विसरलेच होते. बहुतेक. आता माझं मलाच...

२२ फेब्रु.
शीर्षक बदललं. पण जे मेसेज गेले त्यांत जुनंच राहतं, ते काही माझ्या हातात नाही. मुंबईपर्यंत गेलंय.
आईला कुणीतरी सांगितलं. ओरडली नाही. भाकरी वाढली आणि समोर बसून राहिली. ओरडली असती तर बरं.
काकू दुकानाच्या पायरीवरूनच, "आधी सांगायचं नाहीस का गो मला?" सांगितलं असतं तर काय केलं असतंत, हे विचारायचं होतं.

२४ फेब्रु.
सायलीचा मेसेज. पत्रिकेखाली दुकानाचा म्हणून माझाच नंबर आहे, त्यावर.
"ताई, ओंकार म्हणतात, दुकानातल्या मुलीनं चुकून स्वतःचं नाव टाकलं. नाव चुकू शकतं. पण आत शुभविवाह आणि बाहेर मंगल परिणय, हे कसं? आमच्यात तसं लिहीत नाहीत. ते कुणी लिहिलं, एवढंच सांगा. तुमच्यावर विश्वास ठेवेन."
दुकानातली मुलगी. असं म्हणाला.
'मीच लिहिलं, चूक झाली' असं कळवलं की संपलं. ती सुखानं बोहल्यावर चढेल. खरं सांगितलं तर तिचं लग्न... तिनं माझं काय वाकडं केलंय?
पण कुणी लिहिलं ते मला पक्कं आठवतं. ओं.नं. माझी खुर्ची ओढून घेऊन, एका बोटानं. 'ण' सापडेना, तेव्हा मला विचारून.
मी वाचलंय, हे तिला तिकडे दिसत असणार. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. आई विचारतेय, कुणाचा मेसेज. गिऱ्हाईक, म्हटलं.