मागची कोरी बाजू

४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या इंग्रजी क्रियापदांच्या कोशासाठी मागवलेली वाक्यं सोबत पाठवते आहे. या खेपेला ‘गिव्ह अप’, पाच अर्थांची पाच. फोन तू उचलत नाहीस; फोनवर माणसं अर्धवट वाक्यं बोलतात म्हणे. म्हणून सगळं पूर्ण वाक्यांत लिहिते.

आईचा गुडघा धरलाय. रक्तदाबाची गोळी ती जिभेखाली लपवते आणि माझी पाठ वळली की उशीच्या अभ्र्यात टाकते. आपली मुलगी नर्स होती, हे सोयीस्कर विसरते. काल अभ्रा झटकला तर नऊ गोळ्या निघाल्या. अशा बाईला दिवसभर एकटं ठेवता येत नाही.

आता मुद्दा. मेट्रननी मला परत बोलावलंय. आईसाठी सहा वर्षांपूर्वी सोडलेला तोच वॉर्ड, एक जुलैला हजर व्हायचं. पन्नाशी उलटली की घेत नाहीत आणि ऑगस्टात मला पन्नास पूर्ण होतात. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. दादा, आईला तू घेऊन जा. तुझ्या तीन खोल्यांत तू एकटा आणि ती कोशाच्या चिठ्ठ्यांची खोकी. मधली खोली तिला पुरेल. हो की नाही, तेवढं पंधरा तारखेपर्यंत कळव.

लोभ आहेच, या वेळी उत्तरही असावं.

तुझी
चिमी

१३ जून

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

वाक्यं मिळाली. कपाळाला हात लावला. ‘त्याने सिगारेट सोडली’ हे वाक्य शेंबडं पोरसुद्धा लिहील. प्रयत्न सोडणं आणि आशा सोडणं यांत तू फरकच ठेवलेला नाहीस. प्रयत्न माणूस स्वतः सोडतो. आशा डॉक्टर सोडतात आणि बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात. तू हॉस्पिटलात होतीस ना, एवढं तरी कळायला हवं होतं. फरारी माणूस पोलिसांच्या स्वाधीन होतो, ते वाक्य ठीक. म्हातारीला बसायला जागा देणारा तरुण मात्र फार गोग्गोड आहे.

पाचवं वाक्य पाहून तर हसूच आलं. ‘तिने आईच्या आजारपणासाठी चांगली नोकरी सोडली.’ त्यावर लाल शाईत शेरा मारला आहे : ‘कृत्रिम. अशी बाई पाहिलेली नाही. खरं उदाहरण पाठवावे.’ कोश म्हणजे मासिकातली रडकी गोष्ट नव्हे.

तरी तू त्या प्राध्यापकापेक्षा बरी. प्रकाशकाने माझ्या उरावर बसवलेला हा गृहस्थ क्विट, सरेंडर, अबँडन, रिनाउन्स सगळ्यांपुढे ‘सोडणे’ लिहून मोकळा होतो. सिगारेट, किल्ला, बायको आणि संसार त्याच्या लेखी एकाच क्रियापदाने सुटतात. अशा माणसाला खडू कुणी दिला?

तुझ्या पत्राचा पहिला परिच्छेद वाचला. पुढे दर वेळी आईचा गुडघाच असतो, तो गृहीत धरतो. तू कागदाच्या एकाच बाजूने लिहितेस, हा मात्र तुझा मोठा गुण. सोबत ‘लुक आफ्टर’साठी तीस चिठ्ठ्या कापून, मथळे घालून पाठवतो आहे. प्रत्येकीवर एक वाक्य लिहून महिनाअखेर परत हव्यात.

आईस नमस्कार. लोभ आहेच, वाक्यं सुधारावीत.

तुझा
दादा

१९ जून

दादास,
नमस्कार.

तुझ्या तीस चिठ्ठ्या पोचल्या. आईला कुठलीही वस्तू आधी उलटून बघायची सवय. तिने पहिलीच चिठ्ठी उलटली आणि मला हाक मारली. मागे माझं अक्षर होतं. ‘एक जुलैला हजर’ एका तुकड्यावर, ‘व्हायचं’ दुसऱ्यावर. तू माझं पत्र न वाचता कापलंस आणि त्याच्याच पाठीवर ‘काळजी घेणे, देखभाल करणे, सांभाळणे, लक्ष ठेवणे’ असे मथळे सुवाच्य अक्षरात घातलेस. बँडेजची चिकटपट्टी लावून आम्ही ते जोडलं. सोबत पाठवते आहे. या वेळी खालपर्यंत वाच.

आई रडली नाही, हसली. म्हणाली, शाळेतही हा दुसऱ्यांच्या वह्यांची मागची पानं भरायचा, पुढे काय लिहिलंय ते बघायचा नाही. मी म्हटलं, दादाला पुन्हा विचारून पाहते. तर म्हणाली, त्याला विचारू नकोस, कळव.

म्हणून कळवते. तीस तारखेला सकाळी दहाच्या गाडीने आईला आणते आहे. मधली खोली रिकामी ठेव. मी चार वाजताच्या गाडीने परत निघेन. तुझ्या विद्वत्तेची मला कीव येते, दादा. सांभाळणे या शब्दाचे चार अर्थ तुला ठाऊक आहेत आणि आईच्या गोळीचा रंग ठाऊक नाही. ती पांढरी, अर्धी, सकाळी. गिळेपर्यंत समोरून हलायचं नाही.

वाक्यं पाठवणार नाही. लोभाचं तुझं तू बघ.

चिमी

२० जुलै

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

आई मधल्या खोलीत आहे. ए पासून पी पर्यंतची खोकी तिने व्हरांड्यात काढायला लावली. माझ्या चौदा वर्षांच्या कामाला ती ‘कचरा’ म्हणते आणि शेजाऱ्यांनाही तसंच सांगते. गोळी ती अजूनही लपवते. आता अभ्रा मी रोज झटकतो.

पहिल्याच आठवड्यात मी वाचनालयात गेलो असताना तिने दोन खोकी पलंगावर ओतली. परत येऊन पाहतो तर तिने चिठ्ठ्या उलट्या करून, मागच्या मजकुराप्रमाणे, तारखेवार लावल्या होत्या. माझा अक्षरक्रम संपला. मी ओरडलो. तिने चष्मा पुसला आणि ती वाचायला लागली.

सहा वर्षांची तुझी पत्रं होती, चिमी. एकही मी शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. नोकरी सोडलीस त्या दिवशीचं पत्र चार चिठ्ठ्यांत निघालं. तू विचारलं होतंस, मी चूक तर करत नाही ना, दादा? मी त्याच्या पाठीवर त्या वेळी क्रियापदं लिहून घेतली होती. आई रोज दुपारी चार-पाच पत्रं मोठ्याने वाचते. मी समोर बसून ऐकतो. मधेच उठलो तर खाली बस म्हणते.

प्रकाशकाला कोश लांबल्याचं कळवलं आहे. हवं तर त्या प्राध्यापकाला देऊन टाका, म्हटलं. चिठ्ठ्या पुन्हा विस्कटायची माझी हिंमत नाही. तुझ्या पाचव्या वाक्यावरचा लाल शेरा खोडला. वाक्य ठेवलं आहे. मला लाज वाटते.

वॉर्ड कसा आहे? रात्रपाळी देतात का? पायांना सूज येते का? सगळं सविस्तर कळव. आणि यापुढे मला पत्र लिहिशील तेव्हा कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिही.

तुझा
दादा