आधीची भीती

४ फेब्रुवारी

चि. घुम्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तीन महिन्यांत तुझं एक पत्र नाही. उंदरांशी बोलून बोलून माणसांची भाषा विसरलास की काय? असो, आज थट्टेत जीव नाही.

आपली भिंगरी शनिवारी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. तिथे पोरापोरींनी पैज लावून तासाभरात बाटल्या संपवल्या. दोघींनी तिला धरून दारात आणून सोडली, तेव्हा तिला स्वतःच्या चपला ओळखू येत नव्हत्या. सोळा वर्षांची पोर रे! आणि ही तिसरी खेप. ह्यांना मी तिचं पोट बिघडलंय म्हणून सांगितलं, चादर धुऊन टाकली आणि मोरीत उभी राहून रडले.

तू तर दारू पाजलेल्या उंदरांचे मेंदूच तपासतोस. एवढंच लिही की या वयात सगळं भरून निघतं. तू त्या वयात काय कमी ढोसलीस? तुझे शर्ट मीच धुतले ना? तुझं काय वाकडं झालं?

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी ताई

११ फेब्रुवारी

ति. ताईस सा. न.

चारदा लिहून फाडलं. हे पाचवं.

तुला हवं ते वाक्य मला लिहिता येत नाही. माझं काम तुला ठाऊक आहे: मेंदूच्या पातळ चकत्या करायच्या, रंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली रंगलेल्या पेशी मोजायच्या. आमच्याकडे वयात येणाऱ्या उंदरांना दोन दिवस भरपूर दारू देतात, दोन दिवस बंद, पुन्हा दोन दिवस. मग कायमची बंद. ते मोठे होतात, गुटगुटीत दिसतात. पण मेंदूत भीतीचा कारभार जिथे चालतो, तिथली काही जनुकं मंदावलेलीच राहतात. जनुक बिघडत नाही गं. वहीतला मजकूर शाबूत, पण पानं चिकटलेली, तसं. असे उंदीर उजेडात यायला कचरतात आणि मोठेपणी दारू समोर ठेवली तर जास्त पितात. एका औषधानं ती पानं सुटल्याचं दिसलंय, पण उंदरांत.

आता माझं काय वाकडं झालं ते. विभागप्रमुखाची जागा मी तीनदा नाकारली, कारण दर सोमवारी दहा जणांसमोर उभं राहून बोलावं लागतं. तुझ्या लग्नात मी दिवसभर सामानाच्या खोलीत होतो. तुम्हाला वाटलं, काय जबाबदार पोरगा! हे दारूमुळेच झालं असं एका माणसाबद्दल कुणीच सांगू शकत नाही. पण तेव्हा मला कुणी काही विचारलं नाही, हे मात्र खरं. तू शर्ट धुतलेस ते मी विसरलेलो नाही. भिंगरीची चादर धुऊ नकोस. भावजींना सांग.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा घुम्या

१७ फेब्रुवारी

चि. घुम्यास आशीर्वाद.

रागावलेच. म्हणजे आता मीच गुन्हेगार! अप्पांचा हात विसरलास? शर्ट धुतला नसता तर त्यांनी तुला सोलून काढलं असतं. मी एकोणीस वर्षांची होते, मला दुसरं काय सुचणार?

दोन दिवस भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी हे बिचारे माझ्या तोंडाकडे बघत बघत स्वतःच चहा गाळत होते, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्यांनी आजवर पोरीवर साधा आवाज चढवलेला नाही. मग मी लपवतेय कुणापासून? अप्पा जाऊन बारा वर्षं झाली.

तुझं पत्र भिंगरीच्या टेबलावर ठेवलंय. पुढचं तीच लिहील. जेवत जा वेळेवर.

तुझी ताई

२० फेब्रुवारी

ति. मामास सा. न. (आईनं असंच सुरू करायला सांगितलं.)

बाबांना मीच सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, कधीपासून. आईला वाटतं, तीनदाच. मामा, दीड वर्ष झालंय. ऐकून आई बोटांवर महिने मोजत बसली.

मग बाबांनी विचारलं, कशासाठी. घोळक्यात जायचं म्हटलं की माझ्या छातीत धडधडतं, तळवे ओले होतात. सगळे म्हणतात, भिंगरी किती बडबडी! ती बडबड दोन पेल्यांनंतरची असते. पहिल्यांदा प्यायले तेव्हा धडधड थांबली, म्हणून पुन्हा प्यायले.

तुझं पत्र पटलं, घाबरलेही. पण एक विचारू? दारूनंतर उंदीर किती भितात हे तुम्ही मोजता. माझं तर आधीपासूनच असं आहे. तुझं काय, मामा? तुला आधी भीती वाटायची का?

एक तारखेला मैत्रिणीकडे पुन्हा बोलावणं आहे. जायचंय, न पिता. पण तशी मी कधी गेलेलेच नाही.

उत्तर दे, नाहीतर कट्टी.

तुझी भिंगरी

२३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस मामाचे आशीर्वाद.

वाटायची. वर्गात हजेरी घेताना माझा नंबर जवळ आला की घसा सुकायचा. पहिल्या घोटानं तो मोकळा झाला आणि वाटलं, सापडलं! उतरल्यावर मात्र भीती दुप्पट होऊन यायची, म्हणून पुन्हा घोट. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वीस वर्षं पेशी मोजतोय, पण तुझा प्रश्न मी स्वतःलाही कधी विचारला नव्हता.

बाबांबरोबर डॉक्टरांकडे जा, लाजू नकोस. मीही इथे वेळ घेतलीय, त्रेचाळिसाव्या वर्षी.

एक तारखेला मी येतोय. मैत्रिणीच्या दारापर्यंत तुझ्याबरोबर चालेन आणि बाहेरच बसून राहीन. आत धडधडायला लागलं की ये. दोघं मिळून घाबरू, मग तू परत आत जा. गाडीत सहा तास अनोळखी माणसांशेजारी बसायचं म्हणून मला आत्ताच घाम फुटलाय. पण तिकीट काढलंय.

तुझ्यावर जीव असलेला,
मामा