शिवदासचं लागतं कोण

सर्वण, डिचोली
१४ जानेवारी २०२५

चि. समीक्षा आणि चि. सुविधा यांस अनेक आशीर्वाद.

पेडण्यातल्या जमीनवाल्यांनो, तुम्हांला लुटायला आता सुरा लागत नाही, मेलेल्या माणसाची सही पुरते. तुमच्या गावातल्या बाबलीची काजूबाग अशीच गेली. आणि आता गौरेश नावाचा कोणी म्हापशाहून येऊन माझ्या शिवदासकाकांची चौकशी करतो, नि तुम्ही त्याला चहा पाजता.

शिवदासकाका ब्रिटिशांच्या बॉम्बफेकी विमानात मशीनगन चालवायचे. १९४५ साली ब्रह्मदेशावर गेलेलं ते विमान परतलं नाही. ऐंशी वर्षं कोणी विचारलं नाही. मग पेडण्यात जमिनीचे भाव चढल्यावरच ते चिखलातून कसं वर येतं? म्हणे त्यात सापडलेल्या हाडाशी जुळवायला माझी लाळ हवी. आज लाळ, उद्या वंशावळ, परवा उतारा मागतील. त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

फोनवर मला ऐकू येत नाही. उत्तर लिहूनच पाठवा.

तुमच्या काळजीत,
कृष्णनाथकाका


हळर्ण, पेडणे
२० जानेवारी

तीर्थरूप काकांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सुविधाने उभं राहून वाचलं आणि शेवटी टाळ्या मागितल्या. चहा नव्हता हो काका, कोकम होतं.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेले तेव्हा गौरेशचं घरदार बघून आले. हरवलेल्या विमानांतली माणसं शोधणाऱ्या मंडळाचं काम तो करतो. त्यांच्या वंशात पुरुष तुम्हीच उरलात, म्हणून तुमची लाळ.

उतारा त्याने मागितला नाही. तुमच्या धाकाने मीच जुने कागद काढले. शिवदासआजोबांचं नाव १९५७ नंतर कशावरच नाही. म्हणून हरवळ्याला आपल्या भटजींकडे गेले. त्यांच्या वडिलांच्या वहीत आहे की त्याच वर्षी माझ्या आजोबांनी, म्हणजे तुमच्या वडिलांनी, दर्भाचा पुतळा जाळून भावाचे दिवस घातले. पुढे लिहिलंय, ‘अविवाहित’.

मग मालतीआजी कोणाची बायको होती? तिला तर आजोबा सांगायचे की शिवदास येईल. २०१२ साली जाईपर्यंत ती कुंकू लावून मागच्या खोलीत राहिली.

रागावू नका, पण आता मला गौरेशचा नाही, तुमचा संशय येतो.

पटो न पटो, माया आटू देऊ नका.
समीक्षा


सर्वण
२७ जानेवारी

चि. समीक्षास आशीर्वाद.

बाय, संशय खरा आहे. मी बारा वर्षांचा होतो. वडिलांनी मला हरवळ्याला सोबत नेलं. पुतळ्याला डोकं म्हणून नारळ ठेवला होता. परतताना बजावलं, घरी काकीकडे बोलायचं नाही.

काकीच्या लग्नाची नोंद पोर्तुगीज दफ्तरात नव्हती. तिथे काका मेलेले आणि बिनलग्नाचे ठरले, की तिथल्या कायद्याने बायकोला मिळणारा अर्धा वाटा आपोआप आमचा. घरात मात्र काका जिवंत. विधवा झाली असती तर तिने वाटा मागितला असता. तिचं कुंकू आम्ही मायेने राखलं, असं मी जन्मभर लोकांना सांगत आलो. चाळीस वर्षं व्यासपीठांवरून जमीनचोरांवर गरजलो, आणि जेवलो तिच्याच वाट्याच्या शेताचा भात.

ते हाड काकांचंच निघेल, याची मला भीती होती. मग त्यांचं लागतं कोण, हे कोणीतरी विचारलंच असतं. तू विचारलंस.

माझ्याबद्दल थोडी माया उरली असेल तर रविवारी सकाळी गौरेशला घेऊन ये. लाळ मी देईन. फॉर्म मात्र तू भर, आणि ‘पत्नी’ या रकान्यात स्वच्छ अक्षरात मालती लिही.

कृष्णनाथ