मामा, तुमच्या नवव्याला दोन हजार माणसं होती

कालिनोवेत्स, २२ सप्टेंबर

तीर्थरूप रांगेल मामांना,

तुमच्या एकुलत्या एका भाचीचा, दाफिनाचा, जमिनीला कपाळ टेकून नमस्कार. (एरवी मी नुसती वाकते हे तुम्हाला माहीत आहे. आज कपाळ का टेकलं ते दुसऱ्या पानावर कळेल, घाई करू नका.) तुमची तब्येत कशी आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही. रक्तदाब, गुडघे, भूक, झोप, सगळं सविस्तर आणि शक्यतो स्वतःच्या अक्षरात कळवा, कारण इथे गावात त्या विषयावर थोडे मतभेद आहेत. वार्न्याची समुद्राची हवा मानवत असेलच. एलित्सा बापाची काळजी घेते ना? तिला आणि जावईबापूंना माझा नमस्कार, मुलांना पापे. मी ठणठणीत आहे. आवाज तेवढा बसलाय.

गावाला पगारी खेळाडूंचा फुटबॉल संघ मिळाला हे तुमच्या कानावर आलं असेलच. सूर्यफुलाच्या तेलाच्या कारखानदारानं तो काढला, गोलरक्षक बाहेरगावाहून आणला, मैदानावर नवं गवत लावलं आणि मग त्याच्या ध्यानात आलं की बघायला माणसं लागतात. फुटबॉल मंडळाचा नियम असा, की नव्या संघाच्या गावातल्या पहिल्या तीन सामन्यांना प्रत्येकी निदान हजार माणसं आली पाहिजेत. एका जरी सामन्याला नऊशे नव्व्याण्णव भरली तर आपल्या संघाचे ‘घरचे’ सामने राव्निकच्या मैदानावर होणार. राव्निकच्या, मामा! ज्या गावात आपली माणसं दात काढायलासुद्धा जात नाहीत, त्या गावात आपण जाऊन ‘घरी’ खेळायचं!

आता हजार म्हणजे काही फार नाहीत, असं तुम्हाला वाटेल. पण वरची आळी आणि खालची आळी यांचे जुने संघ बंद पडून इतकी वर्षं झाली तरी भांडण चालू दुकानासारखं ताजं आहे. त्या शेवटच्या सामन्यात तुम्ही मैदानात वरच्या आळीच्या पायऱ्यांवर ढोल बडवत होतात, खालच्या आळीच्या कारामफिलनं तुमच्या हातातली टिपरी हिसकावून नदीत फेकली, आणि त्या दिवसापासून बावीस वर्षं दोन्ही आळ्या एकाच पावाच्या दुकानात वेगवेगळ्या वेळी जातात. कारखानदारानं हुशारी केली. वरच्यांचा लाल आणि खालच्यांचा निळा मिसळून संघाला जांभळा रंग दिला. परिणाम एवढाच झाला, की बावीस वर्षांत पहिल्यांदा दोन्ही आळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं: जांभळा भिकार दिसतो. सरावाच्या सामन्याला त्रेचाळीस माणसं आली. त्यातली अकरा खेळाडूंची नातेवाईक होती आणि एकजण हरवलेली बकरी शोधत होता.

मग नगराध्यक्षबाईंनी मला वाचनालयात येऊन गाठलं. म्हणाल्या, “दाफिना, तू तीस वर्षं या गावाला लोकगीतांच्या कार्यक्रमांना बसवून ठेवलंस. फुटबॉल त्यापेक्षा सोपा आहे, तो दीड तासात संपतो.” (मला ऑफसाइड म्हणजे काय ते अजून कळलेलं नाही, पण नाही म्हणता आलं नाही.) मी शाळेत जाऊन आले, चर्चबाहेर उभी राहिले, बाजारात जांभळ्या टोप्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी त्या टोप्या बागांमधल्या बुजगावण्यांच्या डोक्यावर दिसल्या. तेव्हा मला तुमची आठवण झाली. या गावाला मैदानावर ओढून आणणारा माणूस एकच होऊन गेला. (‘होऊन गेला’ हे मी सहज लिहिलं. पुढे वाचाल तेव्हा शब्दाला धरू नका.) ठरवलं, तुमचा फोटो छापायचा. ढोल गळ्यात, तोंड उघडं, मिशा वाऱ्यावर, तो तुमचा जुना फोटो. खाली मजकूर साधा: रांगेल त्सोनेव, कालिनोवेत्सचा आवाज, शनिवारी चार वाजता, नगर मैदान, सगळ्यांनी यावं.

हा फोटो मी छापखान्यात स्पासकडे दिला. नेहमीच्या आकारात छाप, नेहमीइतक्या प्रती काढ आणि नेहमीच्या जागी लाव, एवढं सांगून मी जांभळे झेंडे आणायला दोन दिवस प्लोव्दिवला गेले. इथेच माझं चुकलं, आणि त्याबद्दल कपाळ. मामा, लग्नपत्रिका लोक हल्ली फोनवर पाठवतात, निवडणूक चार वर्षांनी एकदा येते. आपल्या गावात बारा महिने छापलं जातं ते एकच: शोकपत्रक. स्पासचं आयुष्य त्यात गेलं. त्यानं हातांना सवय होती तशी काळी चौकट टाकली, वरच्या कोपऱ्यात क्रूस टाकला (नंतर विचारलं तर म्हणाला, “कोपरा रिकामा दिसत होता.”), आणि नेहमीच्या जागी, म्हणजे प्रत्येक खांबावर, प्रत्येक अक्रोडाच्या झाडावर, दवाखान्याच्या दारावर आणि तुमच्या बंद घराच्या फाटकावर, तुम्हाला चिकटवून टाकलं.

आपल्या लोकांचं तुम्हाला ठाऊक आहे. वर्तमानपत्र कुणी वाचत नाही, वाचनालयातली पुस्तकं कोण वाचतं ते मला विचारा, पण खांबावरचं शोकपत्रक न वाचता पुढे गेलेला माणूस मी पाहिलेला नाही. दफन वार्न्याला उरकलं असणार आणि मैदानावर बोलावलंय म्हणजे ही रांगेलचीच शेवटची इच्छा असणार, असं लोकांनी आपापसांत ठरवूनही टाकलं. शनिवारी सकाळी मी बसमधून उतरले तर शेजारीण मयताला वाटतात त्या साखर-अक्रोड घातलेल्या उकडलेल्या गव्हाचं ताट घेऊन समोर उभी. मला मिठी मारून ती इतकी रडली की झेंड्यांचं गाठोडं माझ्या हातातून सुटलं. मला वाटलं, खरंच काही झालं! मी धावत खांबापाशी गेले, तुमचा फोटो पाहिला, चौकट पाहिली, आणि चूक समजल्यावर मला आधी बरं वाटलं आणि मग मी पुढचे खांब मोजायला लागले.

मी खरं सांगणार होते. ढोलाची शपथ. चौकात उभी राहून मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात खालच्या आळीच्या रस्त्याकडे माझं लक्ष गेलं. माणसं वर येत होती. काळे कोट, काळे रुमाल, हातात फुलं, सगळी दोन दोन, चार चार, मयताला वाहतात तशी सम संख्येत. कसायाचं घर, सुताराचं घर, ती तुमच्या खिडकीवर टोमॅटो मारणारी विधवा, सगळी. एवढी माणसं एका दिशेनं चालताना मी या गावात कधी पाहिली नव्हती. माझं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मग मी ते मिटलं. मामा, तुम्ही मला शिव्या द्या, पण तिथे उभे असतात तर तुम्हीही मिटलं असतंत.

मैदानावर एकोणीसशे बारा माणसं भरली. (मंडळाचा निरीक्षक मध्यंतरात रांगेरांगेनं मोजतो. त्या दिवशी त्यानं टोपी काढून मोजली.) एवढी माणसं आणि आवाज नाही. सूर्यफुलाची एक बी फोडल्याचा आवाज नाही. दोन्ही संघ आत आले आणि ती शांतता बघून वाटेतच थांबले. पाहुण्यांच्या गोलरक्षकानं तीनदा छातीवर क्रूसाची खूण केली. पंचाला कुणीतरी सांगितलं असावं, त्यानं एक मिनिट स्तब्धतेसाठी शिट्टी वाजवली, मिनिट झाल्यावर पुन्हा वाजवली, पण कुणी हललं नाही. मग पाद्रीबाबांनी पायरीवरूनच हलक्या आवाजात शांतिपाठ म्हणायला घेतला आणि सगळं मैदान त्यांच्यामागून म्हणू लागलं. तीस वर्षं मी या लोकांना सुरात गायला शिकवतेय, आणि ते आज गायले, कुणी न शिकवता.

आणि मग कारामफिल उठला. एकाहत्तर वर्षांचा, काठी टेकत. खालच्या आळीच्या बाजूनं निघाला, मैदानाला वळसा घालून आला आणि वरच्या आळीच्या पायऱ्या चढला. सगळे सरकून जागा देत गेले. तुमचा ढोल मी वाचनालयाच्या अडगळीतून आणून तुमच्या जागेवर ठेवला होता. त्यानं तो गळ्यात अडकवला, कोटाच्या आतून एक नवी कोरी टिपरी काढली आणि वाजवायला लागला. मामा, मला फुटबॉल कळत नाही, पण पुढे जे झालं त्याला काय म्हणायचं ते वाचनालयातल्या कुठल्याही पुस्तकात मला सापडलेलं नाही. एकोणीसशे माणसं ओरडली. नव्या गवतावरून ते ओरडणं नदीपलीकडे गेलं असेल. मी जांभळा झेंडा तोंडात धरून रडले.

सामना आपण तीन गोलांनी हरलो. पाहुण्यांनी गोल केले खरे, पण प्रत्येक गोलानंतर बिचारे मान खाली घालून परत गेले. आणि आपलं एकही माणूस उठून गेलं नाही, कारण मयताहून मध्येच उठायची आपल्यात पद्धत नाही. शेवटी रिवाजाप्रमाणे प्रत्येकानं तुमच्या नावानं दारूचा पहिला घोट जमिनीवर ओतला. त्या कोपऱ्यातलं गवत अजून उभं राहिलेलं नाही.

दुसरा सामना पुढच्या रविवारी, म्हणजे नेमका तुमच्या नवव्या दिवशी, मयताचा गहू पुन्हा वाटतात त्या दिवशी, आला. (दिवस गावानं पत्रकावरच्या शनिवारपासून मोजले. वेळापत्रक मी केलेलं नाही.) दोन हजार चाळीस! या वेळी बियाही फुटल्या, शिव्याही फुटल्या, दोन्ही आळ्या मिसळून बसल्या आणि जांभळ्या टोप्या बुजगावण्यांच्या डोक्यावरून परत आल्या. आपण बरोबरी केली. आपला गोल झाला तेव्हा टोमॅटोवाल्या विधवेनं शेजारच्या माणसाचा मुका घेतला. तो वरच्या आळीचा निघाला. दोघांचीही तक्रार नाही.

आता राहिला तिसरा. तुमचा चाळिसावा बुधवारी येतो, पण पाद्रीबाबांनी तो आधीच्या शनिवारी, अकरा ऑक्टोबरला घ्यायला परवानगी दिलीय, आणि तिसरा सामना त्याच दिवशी आहे. तेव्हा तुमच्या पायाशी एकच मागणं: तोपर्यंत कालिनोवेत्सच्या कुणाशी बोलू नका, कुणाला दिसू नका. मला माझीच लाज वाटते. पण राव्निकचा विचार केला की कमी वाटते. चूक पोटात घाला. प्रकृतीला जपा, हे मी या वर्षी जितक्या तळमळीनं लिहितेय तितक्या तळमळीनं कधीच लिहिलं नव्हतं.

तुमची अपराधी भाची,
दाफिना

ता. क. सोबत डब्यात तुमच्या नवव्याचा गहू पाठवतेय, अक्रोड भरपूर घातलेत. स्वतःचा गहू स्वतः खाल्लेला चालतो का ते मी पाद्रीबाबांना विचारलेलं नाही.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवायच्या आत कारामफिल ढोलाचं कातडं ताणून घ्यायला वाचनालयात आला. त्याचा तो पांढरा चेहरा बघून माझ्यानं राहवेना, मी सगळं बोलून टाकलं आणि मारायला उठेल म्हणून टेबलाच्या मागे गेले. तो शांतपणे दोऱ्या आवळत म्हणाला, “पोरी, मला पहिल्या सामन्याच्या आधीच्या गुरुवारपासून माहीत आहे.” खांबावर तुमचा फोटो पाहिल्यावर त्यानं एलित्साला दुखवट्याचा फोन केला म्हणे, आणि तो तुम्हीच उचललात. बावीस वर्षांनी पहिलं बोलणं. त्यानं सगळं सांगितलं. तुम्ही म्हणे एवढंच विचारलंत, “किती माणसं येतील?” तो म्हणाला, “सगळी.” तुम्ही म्हणालात, “मग मी मेलो म्हणून समज, कारामफिल. पण ढोल तू वाजव. दुसऱ्या कुणाच्या हाताला ताल नाही.” हे ऐकल्यावर मी खुर्चीत बसले. तुमच्याबद्दल काय वाटलं ते लिहायला गेले तर पाकीट दोन लागतील. (आणि मी सोळा दिवस फोन करतेय तो तुम्ही का उचलत नाही तेही कळलं. मला तरी सांगायचंत!)

शेवटचं ता. क., आणि खरं मागणं हेच. वरचं ‘कुणाला दिसू नका’ खोडलंय असं समजा. तिसऱ्या सामन्यानंतर अजून चौदा सामने आहेत, आणि माणसाला चौदा वेळा मरता येत नाही. अकरा तारखेला सकाळच्या बसनं निघा आणि माझ्या घरी दार लावून बसा. निरीक्षक मध्यंतरात मोजतो. त्याची वही मिटली की मी रुमाल हलवीन, मग मैदानात या. लोक चिडतील, ओरडतील, गहू फेकतील. चिडू देत. रडायला आपली माणसं तीनदा येतात, भांडायला जन्मभर येतील. फक्त वरच्या पायऱ्या चढत बसू नका, खालच्या आळीच्या दारानं या. कारामफिल ढोल घेऊन तिथे उभा राहणार आहे. म्हणतो, त्याला एवढ्या माणसांसमोर तुमची माफी मागायचीय, आणि मेलेल्या माणसाची माफी मागून त्याचं समाधान होत नाही.