उत्तरेचं खोरं

२ ऑक्टोबर २०००, सोमवार
नवी डायरी. जुनीत गेल्या वर्षीचे संकल्प आहेत, ते वाचले की मूड जातो.
यंदा फक्त दोन. राग आला की दहा आकडे मोजायचे, तेही अरबीत. भाषाही सुधारेल. आणि क्रिस्टीशी स्पष्ट बोलायचं.
आजवर रागाने माझं काही बिघडलेलं नाही. कॉलेज मी स्वतः सोडलं. एस.वाय.ला प्राध्यापकांशी मतभेद झाले. मतभेद म्हणजे डस्टर. ते त्यांना लागलंही नव्हतं.

६ ऑक्टोबर, शुक्रवार
लॉरेन्स अंकलकडे जपमाळ. ऑक्टोबरात आम्ही कतारमधले वसईवाले दर शुक्रवारी कुणाकडे तरी जमतो. त्यांच्या मुलीच्या, म्हणजे क्रिस्टीच्या, बरोब्बर मागे गुडघे टेकायला जागा मिळाली. भक्ती वाढली.
भिंतीवर कॅलेंडर, अंकलच्या बहिणीने टोरांटोहून पाठवलेलं. ऑक्टोबरच्या पानावर तळं, काठाला लालभडक जंगल, एक तंबू. क्रिस्टी म्हणाली, वन डे आय विल कॅम्प राइट देअर. ती इथेच वाढली, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्लिशमध्ये देते.
मग कळलं की वन डे म्हणजे लवकरच. अंकलना सगळ्यांना घेऊन कॅनडाला जायचंय. फक्त क्रिस्टीची आई, आयरीन आंटी, अडून बसल्यात. अर्ज त्यांच्या नावावर आहे, कारण व्हिसाला लागणारे पॉइंट त्यांच्या नर्सिंगचे. त्या सही करत नाहीत. म्हणाल्या, त्या थंडीत, जंगलात, अस्वलांत मी जाणार नाही, तुम्ही जा नि मला फोटो पाठवा.
आंटी माझ्या बाजूच्या आहेत. त्यांना ते माहीत नाही एवढंच.

८ ऑक्टोबर, रविवार
उपाय सापडला. इतका सोपा की मला माझंच कौतुक वाटलं.
क्रिस्टीला काय हवंय? उत्तरेकडचं तळं आणि जंगल. कतारला उत्तर नाही का? पेट्रोल पंपावरून नकाशा आणला. वर, उत्तरेला, मोठ्या अक्षरांत : अल खोर. खोर! गोदावरीचं खोरं, कृष्णेचं खोरं, तापीचं खोरं. भूगोलात मला छत्तीस होते, पण खोरं म्हणजे नदी आणि तिचा सखल प्रदेश, एवढं कळायला छत्तीस पुरतात. शब्द इथून तिकडे गेला असणार. जुना व्यापार.
नकाशात समुद्रातून निळी पट्टी आत शिरलीय. नदीचं मुख. शेजारी हिरवे ठिपके. जंगल.
एकदा ते दाखवलं की कॅनडा खलास.

९ ऑक्टोबर, सोमवार
मजीदला सांगितलं. मजीद माझा रूममेट, रत्नागिरीचा, रास लफानच्या गॅस प्लांटवर टेक्निशियन. पजेरो त्याची आणि लायसन्सही त्याचंच. (माझी टेस्ट तिसऱ्यांदा पुढे गेली. परीक्षक आणि मी, दोघेही तापट.)
तो म्हणाला, अरे, माझी बस रोज अल खोरवरून जाते, तिथं नदी कुठली आली? खोर म्हणजे खाडी रे मेल्या.
बसच्या खिडक्यांना पडदे असतात आणि तो जाता-येता झोपतो, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं. शिवाय त्याचं अरबी पेट्रोल पंपापुरतं. तरी गाडी द्यायला तयार झाला, पण चालवणार तोच. म्हणाला, तुझ्या हातात स्टीअरिंग द्यायच्या आधी मी उंट पाळीन.
वाहद, इथनेन, तलाता, अर्बा, खम्सा, सित्ता, सबा, तमानिया. पुढचे दोन अजून पाठ नाहीत, पण राग आठातच गेला.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार
जपमाळेनंतर क्रिस्टीला विचारलं. म्हटलं, उत्तरेला कॅम्पिंग करू, तळं, जंगल, रोड ट्रिप. ती हसली, म्हणाली, इन कतार? म्हटलं, आय विल शो यू. म्हणाली, ओके, आस्क डॅड.
डॅडना विचारलं. डॅड म्हणाले, छान, आम्ही सगळेच येतो.
सगळे म्हणजे आंटीसुद्धा. हरकत नाही. आंटी आल्या तर इथल्याच जंगलाच्या प्रेमात पडतील. उलट बरंच.

२० ऑक्टोबर, शुक्रवार
तारीख ठरली. ९ नोव्हेंबर, गुरुवारी दुपारी निघायचं, शुक्रवारी परत. ११ला पौर्णिमा, म्हणजे ९ला भरपूर चांदणं. हे मी मुद्दाम बघितलं. मजीद म्हणाला, पुनवेला उधाण असतं, तू वसईचा ना? मी म्हटलं, उधाण समुद्राला, नदीला नाही.
भाषणाची तयारी सुरू. पहिलं वाक्य : क्रिस्टी, प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक तळं असतं. दुसरं अजून सुचलं नाही.

२८ ऑक्टोबर, शनिवार
प्रवासासाठी तीन कॅसेट भरल्या, नव्वद मिनिटांच्या. रोड ट्रिप चार-पाच तासांची धरलीय. पहिलीच्या ए साइडला हलकी गाणी, भावनिक सगळी तिसरीत, म्हणजे पोहोचेपर्यंत वातावरण तयार.

४ नोव्हेंबर, शनिवार
एक अडचण. चित्रातल्या जंगलाला लाल पानं होती. इथे शरद ऋतूत झाडं जशीच्या तशी.
अल थुमामात एका व्हिलाबाहेर बदामाचं झाड आहे, त्याची पानं लाल होऊन पडतात. गोणी घेऊन गेलो. वॉचमन म्हणाला, क्या करेगा? म्हटलं, सजावट. म्हणाला, शादी है? म्हटलं, इन्शाल्ला.
गोणी भरली. तंबूभोवती पसरायची.

८ नोव्हेंबर, बुधवार
ऑफिसात सुपरवायझरने टाइमशीटवरून बोलून घेतलं. वाहद ते तमानिया. मग स्टेपलर कपाटावर आदळला. कपाटालाच लागला. प्रगती आहे.
उद्या.

९ नोव्हेंबर, गुरुवार. सायंकाळी ५
तंबूतून लिहितोय. बाहेर आंटी मासे भाजतायत.
आधी प्रवास. पुढे अंकल आणि मजीद. मागे मी, मग आंटी, मग क्रिस्टी. आंटींच्या मांडीवर मसाल्याचा डबा, पायाशी बर्फातली सुरमई. मी पहिली कॅसेट लावली. बी साइडचं पहिलं गाणं चालू असताना मजीद म्हणाला, चला उतरा, आलं. मला वाटलं थट्टा करतोय. पन्नास मिनिटं. पहिली कॅसेट संपायच्या आधी उत्तर आली.
भावनिक गाणी वाजलीच नाहीत.
पण जागा सुंदर आहे. पाणी आहे, शांत, निळं, अगदी तळ्यासारखं. आणि जंगल, खरंखुरं हिरवं जंगल, पाण्यात उभं. क्रिस्टी म्हणाली, वाव. हे मी स्वतः ऐकलं.
आंटी उतरल्या, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाल्या, हे तर तिवर. आपल्या नायगावच्या खाडीत ढीगभर आहे की रे ॲलन. लहानपणी याच चिखलात खेकडे धरले मी. एवढ्यासाठी गाडी जाळली होय?
म्हटलं, आंटी, हे दिसायला तिवर, पण हे खोरं आहे. म्हणाल्या, असेल बाबा, पण गाडी जरा वर घ्या, पुनव जवळ आलीय, भरती मोठी येणार. मी हसलो. म्हटलं, आंटी, खोऱ्यात भरती येत नाही.
तंबू पाण्याच्या जवळ लावलाय, चित्रातल्यासारखा. पजेरो शेजारीच.
पानं पसरली होती. आत येऊन एवढं लिहीपर्यंत आंटींनी निम्मी गोळा करून शेगडीला लावली. म्हणाल्या, सुकी आहेत, पेटतात छान. माझा शरद ऋतू सुरमईखाली जळतोय.
असो. जेवण झालं की क्रिस्टीशी बोलणार. दुसरं वाक्य सुचलंय.

१० नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ
क्रमाने लिहितो.
जेवताना तळं जवळ आलं. मला वाटलं भास. मग मजीदच्या चपला तरंगायला लागल्या. मजीद म्हणाला, चावी दे, गाडी काढतो. चावी माझ्याकडे होती कारण मी कॅसेट आणायला गेलो होतो. तो वर म्हणाला, खोरं म्हणे, घे आता तुझी गोदावरी. अंकल हसले. क्रिस्टीही हसली.
मी मोजले. अगदी तमानियापर्यंत मोजले. पुढचे दोन पाठ असते तर हे झालं नसतं.
चावी हातातून निसटली. जरा जोरात निसटली. वीसेक फूट, तिवरांत.
मग आम्ही सगळे गुडघाभर चिखलात चावी शोधत होतो. क्रिस्टी पडली आणि ओरडली, आई गं, किती घाण चिखल! तिच्या तोंडून पहिल्यांदाच मराठी ऐकलं. एरवी मला आनंद झाला असता. पजेरो दारापर्यंत पाण्यात. तंबू गेला, तो वाहत जाऊन एका तिवराला अडकला, म्हणजे तसा गेला नाही.
आंटींनी सगळ्यांना वाळूच्या उंचवट्यावर नेलं. शेगडी उचलून नेली. ओल्या कपड्यांत बसून चहा केला, उरलेली सुरमई वाटली, अंकलचा खोकला बघितला, मजीदच्या पायाला शिंपला लागला होता तो पाय धुऊन बांधला. आणि गप्पा मारल्या. मी इतकं बोलताना त्यांना कधी ऐकलं नव्हतं. क्रिस्टी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ऐकत होती. मी दुसरं वाक्य विसरलो.
आत्ता उजाडल्यावर पाणी उतरलंय. एक म्हातारे कतारी गृहस्थ लँड क्रूझर घेऊन आले, दोर लावला, पजेरो ओढून काढली. मी त्यांना इंग्लिशमध्ये विचारलं, धिस रिव्हर, व्हॉट नेम? ते म्हणाले, नो रिव्हर. खोर. सी कम इन, सी गो आउट. हाताने आत-बाहेर करून दाखवलं. मजीद माझ्याकडे बघत होता. मी शुक्रन म्हटलं.
चावी आंटींना सापडली. खेकड्याच्या बिळाशी. म्हणाल्या, हात विसरलेला नाही माझा.

१२ नोव्हेंबर, रविवार
मजीद बोलत नाही. पजेरोत अजून चिखलाचा वास येतो.
पण एकूण हिशेब बघता ट्रिप यशस्वी. क्रिस्टीची कॅम्पिंगची हौस फिटली असणार. आणि आंटी तर जंगलाचं नावही काढणार नाहीत आता. कॅनडा संपला. अपघाताने का होईना, काम झालं.
उद्या जाऊन चौकशी करतो. फुलं न्यावीत का? नको. फार उघड होईल.

१३ नोव्हेंबर, सोमवार
क्रिस्टी घरी नव्हती. अंकल आनंदात. केक कापला. विचारलं, वाढदिवस कुणाचा?
आंटींनी सही केली. काल. अंकल कुरियरने पाठवूनही आले.
मी म्हटलं, पण आंटी, थंडी, अस्वलं. आंटी म्हणाल्या, अरे, मी उगाच घाबरत होते. त्या रात्री चिखलात बसले, चूल पेटवली, चौघांना सांभाळलं, आणि मला आतून कळलं की मी कुठेही राहू शकते. बर्फ तर पांढरा नि स्वच्छ असतो. तू नेलं नसतंस तर मी जन्मभर इथेच बसले असते.
माझ्या पानात केकचा मोठा तुकडा वाढला.
घरी येऊन तिसा आणि अशरा पाठ केले.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार
प्रार्थनेनंतर आंटींनी उभं राहून माझे आभार मानले. सगळ्यांसमोर. टाळ्या झाल्या. क्रिस्टीनेही वाजवल्या, सगळ्यांत जोरात. जाताना म्हणाली, थँक यू सो मच ॲलन, मॉम वुड नेव्हर हॅव साइन्ड. मार्चमध्ये जातायत.
चहाच्या वेळी तिघेजण वेगवेगळे येऊन भेटले. तिघांच्याही कॅनडाच्या फाइली तयार आहेत, तिघांच्याही बायका नको म्हणतायत. एकाने हळूच विचारलं, आमच्या मिसेसला तिथं एक रात्र नेता येईल का, अगदी तसंच, भरतीसकट?
मी तारखा बघून सांगतो म्हटलं. पुढची पौर्णिमा ११ डिसेंबरला आहे.