एकशेत्रेचाळीस जणांचा पहिला नंबर

सडक अर्जुनी
२० ऑक्टोबर, रविवार

प्रिय योगराजदादा,

तुला माझा आणि निशाचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. काकूंचा गुडघा आता कमी ठणकतो. आमची आचल पहिलीत गेली आणि दिवसभर पाढे म्हणून डोकं खाऊन राहिली. तू नागपुरात खुशाल असशील. फोन करणार होतो, पण तू उचलला असतास तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. म्हणून कागद घेऊन बसलो.

आधी मुख्य बातमी, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. काल सकाळी तुमच्या शेतात, पुनारामकाकांच्या बांध्यांत, पाणी पोहोचलं. धान निसवून राहिलं आहे, आणखी चार दिवस कोरडे गेले असते तर लोंब्या पोचट राहिल्या असत्या. आता नाही राहणार. हे सगळं तू शुक्रवारी पाठवलेल्या फाईलमुळे झालं. निशानं तुला फोन केला, ठेवला, आणि दहा मिनिटांत फाईल हजर. सोबत एक अक्षर नाही. बरंच झालं, अक्षर नसतानाच मी निशासमोर नाक ओढत बसलो होतो.

निशानं तुला सांगितलं की यादीत काहीतरी गडबड झाली. गडबड आपोआप होत नसते, दादा. ती कोणी केली ते मला माझ्या हातानं लिहू दे. तुला यातलं सगळं माहीत आहे, तरी ऐकून घे.

तू पाणीवाटप संस्थेला तो प्रोग्राम करून दिलास आणि तेव्हापासून मीच तो चालवतो. अध्यक्ष टेकचंदभाऊंच्या डोक्यात आलं की यादीत नुसतं ‘पाळी’ काय, ‘पाळी क्रमांक’ पाहिजे, कागदावर वजन दिसतं. वरचं लेबल बदललं असतं तरी भागलं असतं. पण मी अतिशहाणा, डेटाबेसमधला रकानाच बदलायला गेलो. प्रोग्राम ज्या फ्रेमवर्कवर उभा आहे ते अशा बदलाची, म्हणजे मायग्रेशनची, फाईल आपणच बनवून देतं, तशी त्यानं घेतली बनवायला आणि विचारलं, जुन्या रकान्याचं नाव बदललं का? मी घाईत एंटर मारला. एंटर म्हणजे ‘नाही’. मग विचारलं, नव्या रकान्यात आत्ता काय भरू? मी पर्याय एक दाबला, म्हणजे सगळ्यांना एकच आकडा, आणि आकडा मागितला तेव्हा पुन्हा एक. खटाखट तीन बटणं.

काकांना हे समजावताना मी म्हणालो, “काका, ढोलीवरचं नाव बदलायचं होतं, तर मशीननं जुनी ढोली धानासकट फेकली, नवी मांडली आणि सगळ्यांच्या नावानं एकएक दाणा टाकला.” काका म्हणाले, “मशीननं कायले? तुनं.”

माझ्या लॅपटॉपवर यादी रिकामी होती, तिथं सगळं गुमान चाललं. गावच्या खऱ्या यादीवर अडलं, तेव्हा कसंबसं चालवून घेतलं. आणि सोमवारी सकाळी सहा वाजता एकशेत्रेचाळीस शेतकऱ्यांच्या मोबाईलवर मेसेज गेला: आपला पाळी क्रमांक १.

मी तलावाच्या गेटवर पोहोचलो तर तिथं जत्रा भरलेली. जो तो मोबाईल नाचवून राहिला. मनिराम तर माझ्या अंगावरच आला, “माहा बी एक, याहा बी एक, मंग दोन नंबर कोनाले देल्ला बे? तलावाले?” गेट सांभाळणाऱ्या सुकरामबाबानं चावी कमरेला खोचली आणि निवाडा दिला, “जवरी नंबर नाही लागत, तवरी गेट नाही उघडत.” आणि पाच दिवस नाहीच उघडलं.

तुला वाटेल, ज्याला त्याला त्याचा नंबर विचारायचा. विचारला ना! चार नंबरवर सात जण निघाले, आणि सातही जण पोरांच्या शपथा घेऊन राहिले. पाळीच्या चिठ्ठ्या काढल्या त्या दिवशीचा कागदही नाही. तो ठेवायची पद्धत मीच बंद पाडली होती, आता सगळं कम्प्युटरात आहे म्हणून.

आणि गंमत पाहा. आपल्या तलावाची रीत अशी की शेवटच्या टोकाला ज्याचं शेत, त्याला पाणी पहिलं, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या. टोकाला काकांच्या बांध्या. म्हणजे एकशेत्रेचाळीस जणांत एकट्या काकांचा नंबर खरा होता, आणि तेच मागे गप उभे होते. सुकरामबाबा म्हणाला, तुमचं तरी सोडतो. तर काका म्हणाले, “पुतन्याच्या हातची यादी हाये. पूर्ण लागू दे, मंगच घेईन.”

ते पाच दिवस मी जेवलो काय आणि झोपलो काय, सगळं सारखंच. मायग्रेशन उलटी फिरवून पाहिली. जुना रकाना परत आला, पण रिकामा. शेवटी निशाच म्हणाली, “तुमच्यानं होत नाही, मी भाऊजींना फोन लावते.” दर रविवारी यादीची एक नक्कल तुझ्या मेलवर जाते हे मला ठाऊकच नव्हतं. मी तुझा पासवर्ड बंद केला तरी ती सोय तशीच चालू राहिली, आणि तू दोन वर्षं त्या नकला सांभाळत बसलास. काऊन रे दादा?

तुझी फाईल आली आणि मी पहिल्यांदा ती मायग्रेशन उघडून वाचली. दोन ओळी. एक म्हणते जुना रकाना काढ, दुसरी म्हणते नवा घाल. बस. आचलनंसुद्धा वाचून दाखवल्या असत्या. त्या दोन्ही काढून मी हातानं एकच ओळ लिहिली: नाव बदल. आधी तुझ्या नकलेवर चालवून पाहिली, एकूण एक नंबर तपासला, मग नकलेतले नंबर खऱ्या यादीत परत भरले आणि तीच ओळ तिथं चालवली.

हेच तू दोन वर्षांपूर्वी आपल्या अंगणात मला सांगत होतास. “फाईल मशीन बनवते, पण चालवणारा तू आहेस, आधी वाच.” आणि मी काकांदेखत म्हणालो, “तू आता नागपूरचा झालास, गावचं गाव पाहून घेईल.” वर तुझा पासवर्डही बंद केला. त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्या, तू घरी आला नाहीस.

आता ते ‘कसंबसं’. एका नंबरवर दोन जण बसणार नाहीत, असं कुलूप तू यादीला लावून ठेवलं होतंस. माझी फाईल त्यानंच अडवली. लाल अक्षरांत सांगितलं की एकच नंबर पुन्हा पुन्हा येऊन राहिला आहे. मी कुलूपच काढून फेकलं. माझं काही चुकत असेल हे मनातसुद्धा आलं नाही. वाटलं, हा नागपुरात बसूनही मला अडवतो.

अजून एक राहिलं आहे, ते लिहायला हात धजत नाही. सोमवारी गेटवर टेकचंदभाऊंनी विचारलं, हे कोणाचं काम? मी म्हणालो, “प्रोग्राम तर योगराजदादाचा आहे.” काका चार हातांवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दादा, मला माफ कर. तुझ्या बापासमोर मी तुझ्या नावाला काळं फासलं.

काल संस्थेच्या ओट्यावर यादी वाचून दाखवायची होती. वाचण्याआधी मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. कुलूप मी काढलं, खोटंही मीच बोललो, आणि यादी योगराजदादानं वाचवली. मला वाटलं, आता चपला पडतात. मनिराम म्हणाला, “अबे, मंग हे सोमवारीच सांगाचं होतं ना! पाच दिवस आमी तुह्या भावाले शिव्या देल्ल्या, त्या आता कोन वापस घेईल?” सगळे हसले. मीही हसलो, हसता हसता रडलो. मग यादी वाचली. चार नंबर हिरालालचा निघाला, बाकीचे सहा जण गपचूप पांगले. तुझं कुलूप पुन्हा लावलं, आणि सुकरामबाबानं गेट उघडलं.

मी पाण्याबरोबरच काकांच्या शेतापर्यंत चालत गेलो. काका शेताच्या कडेला धुऱ्यावर उभे होते. पाणी पहिल्या बांधीत शिरलं, तरी ते पाण्याकडे पाहत नव्हते, नागपूरच्या सडकेकडे पाहत होते. म्हणाले, “त्याले दिवाळीले बोलाव.” मी हो म्हटलं. चार पावलं चालले आणि परत वळले. “म्या सांगतलं म्हनून नोको सांगू. तूच बोलावलं म्हन.” मी त्यालाही हो म्हटलं.

मी बोलावतोच आहे. पण आता पुन्हा खोटं नाही बोलवत. बोलावलं काकांनीच आहे. ये दादा.

काकांना दिलेला शब्द मोडून,
तुझा धाकटा भाऊ
हिमांशु